हॅदरशॉच्या बाईशी बदललेलं मत

डेन्झिल नँकिवेलने उभ्या आयुष्यात मजूर पक्षाशिवाय कुणाला मत दिलं नव्हतं. त्याच्या बापानेही नव्हतं. ट्रेवोलास गावामागे पांढरेफेक डोंगर दिसतात ना, ते खाणीतून चिनी माती काढून घेतल्यावर उरलेल्या रेतीचे. त्यातले दोन तरी आपण आणि आपल्या बापाने रचलेत, असं तो सांगायचा. खाणीत पाण्याच्या तोफेने कडा फोडायचं काम त्याने एकतीस वर्षं केलं आणि त्यातली एकोणीस वर्षं तो युनियनचा शाखा-सचिवही होता. निवडणूक आली की त्याच्या पुढच्या खिडकीत लाल फलक लागायचा. त्या फलकाने त्याचा उमेदवार कधी निवडून आला नाही. कॉर्नवॉलच्या त्या मतदारसंघात झुंज असायची ती हुजूर पक्ष आणि लिबरल यांची. मजूर पक्ष तिसरा, तोही लांबचा. पण म्हणून काही डेन्झिलने खिडकी रिकामी ठेवली नव्हती.

दोन हजार एकोणीसच्या नोव्हेंबरात त्याला एकाहत्तरावं लागलं होतं आणि राजकारणाकडे बघायला त्याला सवडच नव्हती. त्याची बायको टॅमसिन हिला कंपवात होता. हात थरथरायचे, चालता चालता पाय जमिनीला चिकटून बसायचे, आणि आवाज इतका बारीक झाला होता की ती काय म्हणते ते ऐकायला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागे. तिला उठवणं, आंघोळ घालणं, कपडे चढवणं हे सगळं इदालिना करायची. रोज सकाळी सातला यायची, दहाला जायची, संध्याकाळी परत यायची. इदालिना पोर्तुगालची. चौदा साली ती डॅफोडिलची फुलं तोडायला म्हणून या भागात आली, मग आजाऱ्यांची सेवा करण्याचं काम शिकली. पन्नाशीची, ठेंगणी, दणकट बाई. काम करताना गाणं म्हणायची.

त्या महिन्यात तिचं गाणं थांबलं.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार म्हणून तिथून आलेल्या सगळ्यांना इथे राहण्याची नवी परवानगी काढावी लागत होती. इदालिनाने अर्ज केला आणि तिला अर्धीच, तात्पुरती परवानगी मिळाली. सलग पाच वर्षं राहिल्याचा पुरावा हवा होता. मधे सतरा साली बाप आजारी पडला म्हणून ती सात महिने गावी गेली होती. तेवढ्याने आधीची वर्षं गेली आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"म्हणजे तुला घालवतील का?" डेन्झिलने विचारलं.

"आत्ता नाही घालवणार. नंतर काय ते कुणी सांगत नाही." ती टॅमसिनच्या पायात मोजे चढवत होती. "माझी बहीण म्हणते परत ये, आमच्या सेतूबालमध्ये म्हाताऱ्यांची काय कमी आहे?"

इदालिनाआधी तीन बाया येऊन गेल्या होत्या. एकीने टॅमसिनला न्हाणीघरात पाडलं होतं.

"निवडणूक आहे ना पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. "हुजूर पक्षाला बहुमत मिळालं नाही तर पुन्हा सार्वमत घ्यावं लागेल. मग कदाचित बाहेर पडायचं राहीलसुद्धा."

"हो का? मग तुम्ही मत कुणाला देणार, मिस्टर डेन्झिल?"

"कुणाला म्हणजे? मजूर पक्षाला."

इदालिना सरळ उभी राहिली. "मला मत नाही. तुम्हाला आहे. आणि तुम्ही ते उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकणार. चांगलं आहे."

ती गेल्यावर त्याने जुनं वर्तमानपत्र शोधून गेल्या वेळचे आकडे काढले. हुजूर चोवीस हजार, लिबरल साडेबावीस, मजूर सात. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याच्यासारख्या सात हजारांतल्या दोन हजारांनी जरी लिबरलांना मत दिलं असतं, तर हुजूर पडला असता. हे गणित त्याला आधी कधी सुचलं नव्हतं असं नाही. त्याने ते कधी मांडलं नव्हतं इतकंच.

गावातल्या वाचनालयात बसणाऱ्या मुलीने त्याला मतांच्या अदलाबदलीबद्दल सांगितलं. देशभर लोक हे करत होते. इथे मजूर पक्षाचं मत वाया जातं, तर तू ते लिबरलला दे. दुसरीकडे कुठेतरी लिबरल माणसाचं मत वाया जात असेल, तो तुझ्यासाठी मजूर पक्षाला देईल. दोघांची गाठ कॉम्प्युटर घालून देतो. लिहून काही द्यायचं नाही, सगळा शब्दाचा मामला.

"पण त्याने शब्द पाळला हे कळणार कसं?"

"कळत नाही," मुलगी म्हणाली. "मत गुप्त असतं ना, आजोबा."

त्याने नाव आणि फोन नंबर दिला. घरी येताना त्याला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

चौथ्या दिवशी फोन वाजला.

"नँकिवेल का?"

"बोलतोय."

"मी म्युरिएल वेदरॉल. लँकेशरमधलं हॅदरशॉ. त्या कॉम्प्युटरने तुमचं-माझं लग्न लावलंय म्हणे."

डेन्झिलने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. "असं म्हणतात खरं."

"मी आधीच सांगते, मला तुमचा पक्ष आवडत नाही."

"मलाही तुमचा आवडत नाही."

"छान. म्हणजे कुणी कुणाला भुलवत नाही. इथे तुमच्या मजूर पक्षाची जागा आहे, पण अगदी काठावर. हुजूरवाले टपून बसलेत. आमचा लिबरल उमेदवार पोरगेला आहे, त्याची अनामत वाचली तरी पुष्कळ. मी तुमचं मत इथे टाकते, तुम्ही माझं तिथे टाका. तुमच्याकडे कसं आहे?"

त्याने आकडे सांगितले. पलीकडे ती लिहून घेत असावी.

"मला एक सांगा," तो म्हणाला, "तुम्ही खरंच टाकाल हे मी कशावरून समजू?"

"नका समजू. मी तरी कशावरून समजू? मी चाळीस वर्षं मुलांना पियानो शिकवला, मिस्टर नँकिवेल. सराव केला का विचारलं, की पोर खोटं बोलतंय हे मला आवाजावरून कळतं."

"मग माझ्या आवाजावरून काय कळतं?"

"घाबरलाहात. मीही घाबरलेय. मी एकेचाळीस साली तळघरात जन्मले, वर बॉम्ब पडत होते. युरोपातली माणसं एका टेबलाशी बसून नुसती भांडत राहिली तरी मला चालतं. तुमचं काय कारण?"

त्याने इदालिनाचं सांगितलं. टॅमसिनचं सांगितलं. अनोळखी बाईला इतकं का सांगतोय, हे त्याला समजेना. मतदानाच्या दिवशी, बारा डिसेंबरला, दोघांनी सकाळी अकरा वाजता मत टाकायचं असं ठरलं.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी त्याला शंका आली, ही बाई हुजूर पक्षाची असली तर? फोनवर म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठून मतं फिरवत असली तर? पियानोवाली असेलच कशावरून? शंका डोक्यातून जाईना. शेवटी त्याने हॅदरशॉच्या वाचनालयाचा नंबर मिळवला आणि फोन करून, तिथे वेदरॉल नावाच्या पियानो शिकवणाऱ्या बाई आहेत का, असं सरळ विचारलं.

"मिस वेदरॉल?" फोनवरचा माणूस हसला. "मी होतो त्यांच्याकडे तीन वर्षं. चुकलं की पेन्सिलीने बोटांवर मारायच्या. का हो, तुमचा नातू पाठवताय?"

डेन्झिलला बरं वाटलं, आणि तपास केल्याची लाजही वाटली.

मग सिरिल वार्को आला. सिरिल हा त्याचा खाणीतला जोडीदार आणि मजूर पक्षाच्या गावशाखेचा अध्यक्ष. शाखा म्हणजे आता नऊ माणसं उरली होती. सोळा सालच्या सार्वमतात सिरिलने स्वतः बाहेर पडायला मत दिलं होतं आणि त्यावरून दोघांत चिकार भांडण झालं होतं, पण ते तेवढ्यापुरतं. काखेत फलक धरून तो आत आला आणि आल्या आल्या खिडकीकडे गेला.

"ए म्हाताऱ्या, चिकटपट्टी कुठाय?"

"राहू दे, सिरिल. मी लावतो नंतर."

"नंतर कशाला? चाळीस वर्षं मीच लावतोय."

"टॅमसिनला उजेड लागतो," डेन्झिल म्हणाला. तोंडाला आलं ते बोलून गेला.

सिरिलने टॅमसिनकडे पाहिलं. ती खिडकीपासून लांब, शेगडीजवळ बसली होती. त्याने फलक भिंतीला टेकवून ठेवला. "बरं बुवा, नंतर लाव," म्हणाला आणि दर वेळचा केशराचा पाव न खाताच गेला.

मतदानाला दहा दिवस उरले असताना तो परत आला, तो छापलेला कागद नाचवत. कुणाला मत दिलं तर हुजूर पडेल, याच्या याद्या तेव्हा निरनिराळे लोक काढत होते. त्यातल्या एका यादीने ट्रेवोलासच्या मतदारसंघापुढे चक्क मजूर पक्ष लिहिला होता.

"बघ! आता तर शहाणी माणसंही म्हणतात, इथे आपणच!"

"पण दुसऱ्या याद्या लिबरल म्हणतात."

"तू कधीपासून याद्या वाचायला लागलास रे?" सिरिलने डोळे बारीक केले. "ऐक, गड्या. जो तो असा हिशेब करत बसला तर आपल्या पक्षाचं इथे नाव राहायचं नाही. आज सात हजार आहेत, उद्या दोन होतील. मग पुढच्या वेळी उमेदवार तरी कोण देईल?"

हे खोटं नव्हतं, म्हणूनच डेन्झिलला जास्त लागलं. त्याचं जेवण सुटलं. त्याने मिस वेदरॉलला फोन लावला.

"यादी बदललीय," तो म्हणाला. "माझं गणितच चुकलं असलं तर? मी तुम्हाला तुमचं मत भलतीकडे टाकायला लावलं, असं व्हायला नको."

"याद्या करणारे लंडनमध्ये बसतात. तुम्ही तिथे राहता. तुम्हाला काय दिसतं?"

त्या दुपारी टॅमसिनला शेजारणीकडे सोपवून तो टोपी घालून बाहेर पडला. ट्रेवोलास, मग खालची वाडी, मग बसने तालुक्याचं गाव. प्रत्येक खिडकी, प्रत्येक कुंपण बघत चालला. लिबरलांचे नारिंगी फलक त्रेसष्ट भरले. मजूर पक्षाचे सहा, त्यातले दोन सिरिलच्याच घरावर. हुजूरांचे मोजायचे त्याने एकशे दहानंतर सोडून दिले. पाय भरून आले होते. बसथांब्यावर बसून त्याने पुन्हा मनाशी ठरवलं, लिबरलच. ठरवल्यावरही जिवाला चैन पडली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॅमसिनला दुधातला भात भरवताना त्याने तिला सगळं सांगितलं. फोन, पियानोवाली बाई, भिंतीला टेकवलेला फलक. ती ऐकत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. त्याला वाटलं घास अडकला. त्याने वाटी खाली ठेवली आणि तिची पाठ धरली, तर ती हसत होती.

"काय झालं?" त्याने कान जवळ नेला.

"चौऱ्याहत्तर," ती म्हणाली.

"काय चौऱ्याहत्तर?"

"चौऱ्याहत्तरपासून. मी लिबरल."

डेन्झिल खुर्चीत बसला. "माझ्या घरात? माझ्या त्या फलकाखालून जाऊन?"

"आईची पेन्शन अडली होती. त्या लिबरल माणसाने येऊन पत्र लिहून दिलं. तुझ्या युनियनला सवड नव्हती." प्रत्येक वाक्यानंतर तिला दम घ्यावा लागत होता. "तू म्हणालास, पुढच्या आठवड्यात बघू."

त्याला ते आठवत नव्हतं. आठवत नव्हतं, याचंच त्याला वाईट वाटलं.

"पंचेचाळीस वर्षं!" तो ओरडला. "मी एक मत टाकायचो आणि तू मागून येऊन ते पुसून टाकायचीस! अगं, आपण दोघं घरी बसलो असतो तरी चाललं असतं!"

"चालायला मजा यायची," टॅमसिन म्हणाली. "येताना तू खूश असायचास."

"आणि या वेळी? तुझं मत तर टपालाने..."

"तूच टाकलंस टपालपेटीत. सोमवारी."

मग तोही हसला. किती दिवसांनी दोघं एकत्र हसली होती कोण जाणे. भात गार झाला.

बारा डिसेंबरला सकाळपासून वाऱ्यासकट पाऊस. मतदान मेथडिस्ट प्रार्थनाघराच्या सभागृहात होतं. दाराशी छत्री सावरत, कोटावर पक्षाचं लाल फूल लावून सिरिल उभा होता, पक्षासाठी येणाऱ्यांचे मतदार क्रमांक टिपत. डेन्झिल अकराला पाच मिनिटं असताना पोचला.

"ये, म्हाताऱ्या. नंबर?"

"दोनशे चौदा."

"मला पाठ आहे रे. विचारायचं म्हणून विचारलं."

आत तीन माणसं रांगेत होती. कागद मिळाला, आणि तो लाकडी आडोशात जाऊन उभा राहिला. दोरीला बांधलेली पेन्सिल. पाच नावं. मजूर पक्षाची उमेदवार एक तरुण शिक्षिका होती. तिने दारावर येऊन टॅमसिनचा हात हातात घेतला होता. मुलगी चांगली होती. तिच्या नावापुढचा चौकोन कोरा ठेवायचा तर बापाचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता. खाणीतून आल्यावर भुवयांत माती राहायची त्याच्या. हात उचलेना. मागे कुणीतरी खोकलं. आपण आपल्या नेहमीच्या जागी फुली मारली तर कुणाला कळणार आहे? हॅदरशॉच्या बाईला कळणार नाही. उलट सिरिलच्या डोळ्याला डोळा भिडवता येईल. आणि तिने तिकडे शब्द पाळला असेल तर? आणि नसेल पाळला तर?

मागचा माणूस पुन्हा खोकला. डेन्झिलने लिबरल उमेदवाराच्या नावापुढे फुली मारली, घडी घातली आणि कागद पेटीत टाकून बाहेर आला.

"झालं?" सिरिलने विचारलं.

"झालं."

"शाब्बास."

डेन्झिल मान खाली घालून पावसात निघाला. तो शाब्बास त्याला घरापर्यंत टोचत राहिला.

रात्री त्याने रेडिओ लावला नाही. सकाळी सातला इदालिना आली ती ओला कोट न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिली. तिच्या तोंडाकडे बघितल्यावर विचारायला काही उरलं नाही. हुजूर पक्षाला ऐंशी जागांच्या आघाडीचं बहुमत मिळालं होतं. आता पुन्हा सार्वमत नाही, काही नाही. एकतीस जानेवारीला बाहेर. ट्रेवोलासच्या मतदारसंघात लिबरल पडला, तोही गेल्या वेळेपेक्षा मोठ्या फरकाने. इदालिनाने फोनवर हॅदरशॉचा निकालही काढून दिला. मजूर पक्ष तिथे एकशे अठरा मतांनी पडला होता.

एकशे अठरा. डेन्झिल त्या आकड्याकडे बघत राहिला. एका मताने काही झालं नसतं, हे त्याला समजत होतं. तरी बाईने मत टाकलं की नाही, हे कळल्याशिवाय आता त्याला खाली बसवेना. आणि फोन करायची हिंमतही होईना.

अकराला तिचाच आला.

"मी तो आकडा सारखा मोजतेय," मिस वेदरॉल म्हणाली. आवाज बसला होता. "आमच्या गल्लीतच तेवढी घरं आहेत."

"हो."

"विचारा."

"काय?"

"तुम्हाला विचारायचंय ते. विचारलं नाही तर तुमचं-माझं दोघांचंही राहून जाईल."

डेन्झिलने श्वास घेतला. "दिलंत?"

"दिलं. इतकं दाबून दिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं. माझे वडील लिबरलांचे नगरसेवक होते, मिस्टर नँकिवेल. घरी येऊन मी रडले. आणि तुम्ही?"

"दिलं."

तिच्याकडे कुठेतरी घड्याळाचे टोले पडले.

"बरं झालं," ती म्हणाली. "काही उपयोग झाला नाही, पण बरं झालं. तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा."

दुपारी तो सिरिलकडे गेला. सिरिल मागच्या शेडमध्ये कांद्याच्या पातीला माती लावत होता. डेन्झिलने दारातूनच सांगितलं, की काल मी लिबरलला मत दिलं, आणि तू शाब्बास म्हणालास तेव्हा गप्प बसलो, ते चुकलं.

सिरिलने हातातली खुरपी खाली ठेवली नाही. "पंच्याऐंशीत कोळसा खाणीतल्या संपवाल्यांसाठी आपण दोघांनी डबा घेऊन घरोघर पैसे मागितले. तेव्हा लिबरल दारं लावून घेत होते. आठवतं?"

"आठवतं."

"आणि एवढं करून ते पडलेच. मग मिळवलंस काय?"

"माझी बायको पडू नये म्हणून केलं, सिरिल. अक्षरशः. जमिनीवर पडू नये म्हणून."

"ते मला आधी सांगायचंस," सिरिल म्हणाला. "मी काय परका होतो? फोनवरच्या बाईला सांगितलंस." आणि त्याने शेडचं दार लावून घेतलं. नाताळच्या प्रार्थनेला दरवर्षी तो टॅमसिनची चाकांची खुर्ची ढकलायला यायचा. त्या वर्षी आला नाही. जानेवारी निम्मा गेला तरी त्यांचं बोलणं नव्हतं.

इदालिना मात्र एक दिवस स्पष्ट बोलली. बहिणीने सेतूबालमध्ये काम बघून ठेवलं होतं. "मार्चपर्यंत मी आहे. पुढचं माझं ठरत नाहीय. राहीनही. पण रोज उठून मनात भीती, हे मला आता झेपत नाही, मिस्टर डेन्झिल. म्हणून आजपासून तुम्ही शिकायचं."

"काय शिकायचं?"

"हिला उचलायला."

तिने खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली. त्याचे पाय कुठे हवेत ते आपल्या पायाने सरकवून दाखवलं, एक पुढे, एक मागे. हात बगलेत घालायचे नाहीत, पाठीवर पसरायचे. ओढायचं नाही. तिला पुढे झुकू द्यायचं आणि मग तिच्याबरोबर उठायचं. डेन्झिलने खाणीत पाण्याच्या तोफा पेलल्या होत्या, पण टॅमसिनच्या पाठीला लावलेला हात त्याने परत काढून घेतला.

"पडेल ती," तो म्हणाला.

"मी आहे इथे. कमरेत वाकू नका, गुडघे दुमडा. तीन म्हटल्यावर. उम, दोइश..." ती आपल्या पोर्तुगीजमध्ये मोजू लागली.

टॅमसिन काहीतरी बोलली. त्याने कान नेला.

"माझ्या पायावर उभा आहेस," ती म्हणाली.

त्याने पाय काढला. इदालिनाने पुन्हा मोजलं. टॅमसिन वर आली, निम्मी, मग पुरी, आणि त्याच्या छातीला टेकून उभी राहिली. तिचे गुडघे थरथरत होते. इदालिना दोन पावलांवर हात पसरून उभी होती, पण तिने हात लावला नाही. डेन्झिल मनात मोजत होता. सात, आठ, नऊ. दहाला तिला हळूच खाली बसवलं तेव्हा त्याचा सदरा घामाने भिजला होता.

"पुन्हा," इदालिना म्हणाली.